न पाहिलेली तेवीस लेकरं

सान रोके, रविवार, १२ फेब्रुवारी २०२३

इंदाय रोवेना,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. नौदलाच्या बोटीवर असताना तुझ्या आईला असाच लिहायचो. उत्तर यायला दोन-दोन महिने लागायचे, तरी तेव्हा मी एवढा बेचैन नसायचो. आता आठ महिने झाले.

तुझ्या वकीलबाईंचं पत्र आलं. तीनदा वाचलं. त्यातून मला कळलं ते असं: तुझा गोपनीय कामाचा परवाना अडकून पडलाय. पाणबुड्यांचे आराखडे काढणारी माझी लेक सध्या गोदीच्या फाटकाबाहेरच्या खोलीत बसून लोकांचे जुने कागद लावतेय. परवाना गेला तर नोकरीही जाणार. आणि हे का, तर सरकार म्हणतं, तू दोन गोष्टी लपवल्यास. एक, तू अमेरिकेची तशी या देशाचीही नागरिक आहेस आणि इथे तुझ्या नावावर जमीन आहे. दोन, इथल्या काही कुटुंबांशी तुझं नातं आहे. फॉर्मवर दोन्हींपुढे तू ‘नाही’ लिहिलंस आणि खाली सही केलीस.

तू खोटं बोलली नाहीस हे मला माहीत आहे. तुला ठाऊकच नव्हतं.

जमिनीचं सांगतो. तुझी आई गेली त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुझ्यापुढे कागद ठेवत होतो. विमा, दफनभूमी, पेन्शन. तू रडत रडत सह्या करत होतीस. त्यात दोन कागद या देशाच्या तिकडच्या वकिलातीचे होते. तू जन्मलीस तेव्हा तुझी आई अजून इथलीच नागरिक होती, त्यामुळे तूही जन्मापासून इथली आहेस. मी फक्त त्याची नोंद करून घेतली. समुद्राकडचा तुकडा तुझ्या नावावर करायचा होता. नंतर सांगू, नंतर सांगू म्हणता म्हणता वर्षं निघून गेली. वकीलबाई लिहितात की दोन देशांचं असणं यात काहीच वाकडं नाही, न सांगणं वाकडं. हे मला सहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

राहिली ती कुटुंबं. अगं, ती तीन-चार लेकरांची गोष्ट आहे. तुला त्यांची निनांग, धर्ममाता केलं, तू तिकडे म्हणून तुझ्या जागी पासिंग आत्या मेणबत्ती धरून उभी राहिली. झालं. कुणी मागायला आलं की नाही म्हणायचं नसतं, लेकराला ते बाधतं, हे तुलाही माहीत आहे. चार बाप्तिस्म्यांवरून एवढा राग?

त्या दिवशी तू फोनवर विचारलंस, “ताय, अँजेलिका कोण? चौकशीवाल्या माणसाने माझ्यासमोर फोटो ठेवलाय. पांढरा फ्रॉक, केक, आणि केकवर लिहिलंय, थँक्यू निनांग रोवेना.” मी हसलो. म्हणालो, “अगं, तुझी लेक!” तू फोन ठेवलास. मी हसायला नको होतं.

तुझा,
ताताय

सान रोके, रविवार, १९ मार्च २०२३

इंदाय,

तीन-चार नाहीत.

वकीलबाईंनी शपथेवर यादी मागितली. प्रत्येक मुलाचं नाव, आईबापांचं नाव, ते काय करतात, तुझ्याशी कधी बोललेत का. मला वाटलं आठवून लिहीन. नऊपर्यंत आलो आणि पुढे सगळा गोंधळ. मग चर्चच्या कचेरीत गेलो. मिस फिलोमेनाने बाप्तिस्म्याची वही काढली, चष्मा पुसला.

“कुठलं वर्ष बघू, मानोंग?” थोरला भाऊ म्हणून आता अख्खं गाव मला हीच हाक मारतं.

“सगळी बघा. मी परत आलो तेव्हापासूनची.”

ती बोटाने रकाना खाली खाली नेत राहिली आणि मी खुणा करत राहिलो. मध्येच थांबून म्हणाली, “तुमची मुलगी आमच्या पाद्रीबाबांपेक्षा जास्त वेळा चर्चमध्ये उभी राहिलीय हो. कशी दिसते तरी?”

तेवीस. मी दोनदा मोजले. पाच वर्षांत तू तेवीस लेकरांची धर्ममाता झालीस आणि तुला एकाचंही नाव माहीत नाही.

यादी वकीलबाईंना पाठवली आहे. दोन नावांवर त्या अडखळतील. एक म्हणजे लोखंडी सामानवाल्या बर्नार्ड सियाकोचा मुलगा. बर्नार्ड इथेच जन्मला, पण त्याचा थोरला भाऊ चिनी बंदरात, शियामेनला असतो आणि सुकी मासळी घेतो. दुसरी, तटरक्षक दलातल्या लेफ्टनंटची मुलगी. बाकी सगळे कोळी, रिक्षावाले, एक शाळामास्तर. त्यांच्यापासून तुमच्या पाणबुड्यांना काय धोका असणार? पण चौकशीवाल्याचं म्हणणंही मला कळतं. तो माणूस चांगला की वाईट हे बघत नाही. तुझ्या मनाला हात घालायला कुणाला जागा सापडेल, एवढंच बघतो.

आता उरलेलंही सांगून टाकतो. कितीही झाकलं तरी कोंबडं आरवायचं राहत नाही, आणि आमच्या गावात कोंबडे काही कमी नाहीत.

तू दर नाताळाला मला मोठा खोका पाठवायचीस. माझ्यासाठी बूट, स्वेटर, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, मांसाचे डबे, चॉकलेटं. त्यातलं मी जवळपास काही ठेवलं नाही. तुझ्या नावाने वाटलं. तू विचारायचीस, “ताय, स्वेटर बसला का?” आणि मी म्हणायचो, “अगदी मापात.” इथल्या उकाड्यात स्वेटर! बूट मात्र मी बाजारातून घेऊन खोक्यातल्या वस्तूंत मिसळायचो, लेकरांच्या मापाचे. आणि प्रत्येक पुडक्यावर एक कार्ड. कार्डं मी लिहायचो, तुझ्या अक्षरात. तू आराखड्यावर काढतेस तशी सुटी, चौकोनी अक्षरं. ती नक्कल करायला सोपी. अँजेलिकाच्या केकवरचे आभार त्याच कार्डांबद्दल होते.

हे शपथपत्रात लिहायचं की नाही, असं मी वकीलबाईंना विचारलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: सगळं लिहा.

ताताय

सान रोके, रविवार, ३० एप्रिल २०२३

इंदाय,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण रविवार आला की हात कागदाकडे जातो, पूर्वी फोनकडे जायचा तसा.

पासिंग आत्याशी माझं भांडण झालं. शपथपत्राचा मसुदा तिला वाचून दाखवला. ‘इथल्या रीतीप्रमाणे, केवळ सौजन्य म्हणून मी माझ्या मुलीचं नाव दिलं,’ असं मी लिहिलं होतं. तिने हातातली मासळी तशीच सुपात टाकली.

“सौजन्य? तेवीस वेळा मेणबत्ती मी धरलीय, दादा. मेण माझ्या हातावर सांडलंय. मला सौजन्य सांगू नकोस. मतं गोळा करायला पोरगी वापरलीस तू!”

“हळू बोल.”

“का हळू बोलू? भिंतीवर टांगायचे ते तुझे फलक छापून आलेत, ते बघून कुणाला कळत नाही होय? एकेका लेकरामागे आई, बाप, आजी, आजा, दोन काका. मोज ना, मोज. नौदलात हिशेब शिकवला असेल की.”

हे तुला मी कुठेच सांगितलं नव्हतं, रोवेना. ऑक्टोबरात गावप्रमुखाची, म्हणजे इथल्या काप्तानाची निवडणूक आहे. मी उभा राहणार होतो, म्हणजे अजून आहे. आयुष्यभर अधिकाऱ्यांच्या टेबलावर सूप वाढलं. पुढे बोटीची कोठी माझ्या ताब्यात आली तरी हाक तीच, वाढप्याची. एकदा तरी लोकांनी मला काप्तान म्हणावं अशी हौस होती. आणि अमेरिकेतली मुलगी ज्याच्या लेकराची धर्ममाता, तो माझा सोयरा. सोयऱ्याला मत कोण नाकारतो?

तर पासिंगचं बरोबर आहे. पण सगळंच बरोबर नाही.

पहिले दोन बाप्तिस्मे झाले तेव्हा निवडणूक डोक्यातही नव्हती. तेव्हा मी नुसता परत आलो होतो, बायको पुरून, मुलगी सात समुद्रांपलीकडे ठेवून. घरात बोलायला भिंती. पहिल्या लेकराच्या घरी पुढच्या रविवारी गेलो तर त्याची आजी म्हणाली, “बसा मानोंग, आमची रोवेना कशी आहे?” आमची, म्हणाली. मी दोन तास बसलो आणि तुझ्याबद्दल बोलत राहिलो. तू शाळेत बोटीचं चित्र काढलंस ते, तू गाडी शिकताना कुंपण पाडलंस ते. मग दुसरं घर झालं, तिसरं झालं. तू इथे नव्हतीस, म्हणून मी तुला घरोघर ठेवून आलो. मला तुझी फार आठवण यायची, एवढंच खरं. मतांचं नंतर सुचलं. पण सुचलं, हेही खरं.

मसुद्यातलं ‘सौजन्य’ खोडलं आहे.

ताताय

सान रोके, रविवार, ११ जून २०२३

इंदाय,

तेवीस कुटुंबांनी सही करून द्यायला हवी होती: रोवेनाशी आमचं कधीही बोलणं झालेलं नाही, तिने आम्हाला काही पाठवलेलं नाही, आमचं लेकरू तिला माहीतही नाही. म्हणजे आधी मला त्यांना हे सांगणं भाग होतं. आपल्याकडे माणूस कर्जबाजारी होईल, पण चारचौघांत खाली मान घालणार नाही. मी काल घातली.

अंगणात दोन बाकं टाकली, भाताची पेज आणि गोड भाकरी ठेवली, नोटरीला बोलावलं. लोक छान कपडे घालून आले. त्यांना वाटलं, मी निवडणुकीचं काहीतरी जाहीर करणार. मी उभा राहिलो आणि सांगितलं. किती शब्दांत ते आठवत नाही. नंतर कुणी भाकरीला हात लावला नाही.

अँजेलिकाची आई, मर्लिन, जाळी विणते. ती पुढे आली.

“मग बूट कुणी निवडले, मानोंग?”

“मी.”

“आणि कार्डं?”

“तीही मीच.”

“माझी पोर ती कार्डं उशाखाली ठेवते. अक्षर गिरवते. म्हणते मोठी झाले की निनांगसारखी चित्रं काढायला अमेरिकेला जाईन. आता मी घरी जाऊन तिला काय सांगू? तुम्हीच सांगा, काय सांगू?”

मग तिने वाकून सही केली आणि ती गेली. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

बर्नार्ड सियाको मात्र पोट धरून हसला. “सोयरे, मी एवढी वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय की माझ्या पोराची निनांग अमेरिकन पाणबुडीवर काम करते. तुम्ही तर माझ्याहून मोठे दुकानदार निघालात!” त्याने सही केली, भावाचं नाव, पत्ता, धंदा सगळं स्वतःहून लिहून दिलं. तेवढी एक भाकरीही त्याने खाल्ली.

लेफ्टनंट शेवटपर्यंत कागद हातात धरून बसला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, “मानोंग, मला वरिष्ठांची परवानगी लागेल. माझ्याही फॉर्मवर परदेशी सोयऱ्यांचा रकाना आहे. तुमच्या रोवेनाचं नाव मी त्यात लिहिलेलं नाही.” म्हणजे बघ, माझ्या एका मेणबत्तीने दोन देशांत गोंधळ घातला.

बावीस सह्या आल्या. लेफ्टनंटची नंतर येईल. कागद कुरिअरने पाठवले आहेत. माझ्या शपथपत्रात शेवटी एक प्रश्न होता: मुलीशी शेवटचं बोलणं कधी झालं? मी तारीख लिहिली. त्यापुढे लिहिलं, ‘त्यानंतर नाही.’ वकीलबाई म्हणतात, ही गोष्ट तुझ्या फायद्याची आहे. परदेशात राहणाऱ्या बापाशी जेवढं अंतर, तेवढा परवाना सुरक्षित. तुझा अबोला असा कामी येईल असं वाटलं नव्हतं. येऊ दे.

ताताय

सान रोके, रविवार, ३ सप्टेंबर २०२३

इंदाय,

काल अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता.

खिशात दोन कागद होते. एक उमेदवारीचा. दुसरा मी तुला आणि वकीलबाईंनाही सांगितला नव्हता. दोन देशांच्या माणसाला इथे निवडणूक लढवायची तर दुसऱ्या देशाचं, म्हणजे माझ्या बाबतीत अमेरिकेचं, नागरिकत्व शपथेवर सोडावं लागतं. तो कागद मार्चमध्येच टाईप करून ठेवला होता. सही तेवढी बाकी होती.

म्हणजे मी सही केली असती, तर तुझ्या फॉर्मवर मी काय झालो असतो? आतापर्यंत बाप, दोन देशांचा. उद्यापासून परका नागरिक, आणि निवडून आलो तर वर परक्या सरकारचा अधिकारी. तिकडे तू न्यायाधीशापुढे उभी राहून सांगायचं की माझा बाप निवृत्त आहे, कोंबड्या पाळतो, आणि इकडे मी फलक लावून हिंडायचं. हे मला फेब्रुवारीत कळत होतं, रोवेना. तेव्हाही कळत होतं. तरी मी कागद जपून ठेवला.

निवडणूक कचेरीबाहेर नारळपाणीवाल्याच्या बाकावर तासभर बसलो. पलीकडच्या गटाची माणसं ढोल वाजवत आत गेली. एकाने विचारलं, “काय मानोंग, येताय ना आत?” मी म्हणालो, “पाय दुखतोय.” पाच वाजता दार बंद झालं. मग मी दुसरा कागद फाडला. पहिल्यावर पासिंगने चूल पेटवली.

मी मोठा त्याग केला असं समजू नकोस. अंगणातल्या त्या दिवसानंतर मला मतं द्यायला उरलं होतं कोण? पासिंग, बर्नार्ड, आणि कदाचित नारळपाणीवाला. मुलगी दुरावली, गावही दुरावलं, तेलही गेलं, तूपही गेलं. पण मतं असती तरी मी आत गेलो नसतो, असं मला वाटतं. म्हणजे वाटायला आवडतं. तुला खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून एवढंच लिहितो.

मर्लिनच्या घरी जाऊन आलो. अँजेलिकाला मीच सांगितलं. सहा वर्षांची आहे. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तिचं खरं अक्षर कसं आहे?” मी म्हणालो, “असंच. फक्त जास्त सरळ.” ती माझ्याशी अजून बोलते, पण पूर्वीसारखी धावत येत नाही.

तुझी सुनावणी गेल्या महिन्यात झाली असेल. कशी झाली, कुणी कळवलं नाही.

ताताय

सान रोके, रविवार, १९ नोव्हेंबर २०२३

इंदाय रोवेना,

गुरुवारी जाड पाकीट आलं. वर तुझं अक्षर. आता मी ते ओळखतो, मला शिकवू नकोस. आत निकालाची प्रत, अकरा पानं. चिठ्ठी नाही. पाकीट मी तीनदा उलटं करून झटकलं.

शेवटचं पान आधी वाचलं, तुझ्या आईला माझी ही सवय आवडायची नाही. ‘परवाना देण्यात यावा.’ मी मोठ्याने ओरडलो असेन, कारण पासिंग लाटणं घेऊन धावत आली, तिला वाटलं साप निघाला. तू फाटकाच्या आत गेलीस, रोवेना. आता जन्मभर आतच बस.

मग पहिल्यापासून वाचलं. सरकारी वकिलाने तुला विचारलं, तुमच्या वडिलांना तिकडे कुणी धरलं आणि तुमच्याकडे आराखडे मागितले, तर काय कराल? तू म्हणालीस, “आधी वरिष्ठांना कळवीन.” त्याने विचारलं, आणि वडील? तू म्हणालीस, “ते नौदलात होते. मी आधी कळवलं नाही तर तेच माझ्यावर चिडतील.” बरोबर बोललीस. अगदी बरोबर. वाचताना मात्र मला थोडा वेळ कागद खाली ठेवावा लागला.

पुढे तुझ्या वकीलबाईंनी मुद्दा मांडला की चौदा महिने बोलणं नाही, म्हणजे संबंध दूरचा आहे. तिथे त्यांनी थांबायला हवं होतं. पण न्यायाधीशांनी तुलाच विचारलं, हे खरं का? आणि तू, शहाणे, वकिलाचे पैसे भरून, हातातोंडाशी आलेला घास समोर असताना म्हणालीस, “नाही. संबंध दूरचा नाही. मी रागावले आहे. ते वेगळं.”

निकालात दोन याद्या आहेत. एक तुझ्या बाजूचे मुद्दे: तुझी अकरा वर्षांची चोख नोकरी, बावीस सह्या आणि नंतर आलेली तेविसावी, माझं शपथपत्र, ‘वडिलांनी लाज न बाळगता दिलेली कबुली’ असं लिहिलंय. लाज बाळगली होती, पण असो. दुसरी यादी तुझ्या विरुद्धची. त्यात चौथा मुद्दा: ‘अर्जदाराचं परदेशात राहणाऱ्या वडिलांवर गाढ प्रेम आहे.’

मी अडुसष्ट वर्षांचा आहे. हे वाक्य मला तू कधी म्हणाली नाहीस, मीही कधी विचारलं नाही. आपल्या घरात ते जेवलास का, स्वेटर बसला का, असंच बोलतात. आता ते न्यायाधीशाच्या सहीने लिहिलेलं आहे, आणि कुठे, तर तुझ्या विरुद्धच्या मुद्द्यांत.

आणि त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे. पासिंग म्हणते, वकीलबाईंनी मारली असेल. मी तिला म्हटलं, वकील पेन वापरतात. शिवाय मोजपट्टी लावल्यासारखी इतकी सरळ रेघ हाताने कोण मारतं, ते मला माहीत आहे.

ते पान मी अँजेलिकाला दाखवलं. तिने रेघेवर बोट फिरवलं. मी निघालो तेव्हा फाटकापर्यंत माझ्याबरोबर धावत आली.

पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता मी फोन करेन. तुझ्याकडे शनिवारची संध्याकाळ असेल. उचलायचा की नाही ते तू ठरव. उचललास आणि कुठे नोंदवावं लागत असेल, तर नोंदव. नाव, वय, देश दोन, नातं बाप. सगळं खरं लिही.

ताताय